दिवा लागेपर्यंत

"हे इथलंच. नागभीडच्या आसपासचं, धानाच्या धुऱ्यावरचं." गिरजाबाईने पहिल्या पुडीतलं वाळलेलं मोहफूल नाकाशी धरलं, दाताखाली जरासं दाबलं आणि पुडी डावीकडे सरकवली. "धानाच्या बांधीतलं पाणी पेलं याच्या झाडानं. फूल मोठं, पन गोडी पातळ."

केंद्राची नोंदवही सांभाळणाऱ्या केवळरामभाऊंनी हातातला कागद इतरांना दिसू नये असा छातीशी धरून पाहिला आणि मान डोलावली. बरोबर.

"हे गोंडपिपरीकडचं. खाली पाला जाळला त्याईनं, धूर बसला फुलात."

तेही बरोबर. तिसरी पुडी वैनगंगेच्या काठची निघाली, चौथी नदीपलीकडच्या गडचिरोलीची. पाचव्या पुडीला तिने नाकही लावलं नाही. नुसती बोटांत चुरली. "हे मागच्या सालचं जुनं आहे, नव्यात मिसळलं कोनीतरी. भाऊ, व्यापाऱ्याले सांगा, देवाले अशी फुलं वाह्यत असंल काय घरी?"

पोती शिवत बसलेली मंगली खुदकन हसली. "सायब, बाईले तुमच्या सदऱ्याची बाही देऊन पाहा. रात्री कोनाच्या घरी जेवले थे बी सांगंल."

ज्यांना ती साहेब म्हणत होती ते अमर नावाचे तिशीतले गृहस्थ नाशिकहून आले होते. द्राक्षांची वाइन करणाऱ्या एका कंपनीत त्यांचं काम चव घेण्याचं. कंपनीला आता मोहाची वाइन करायची होती आणि त्यासाठी चांगलं फूल कुठल्या भागात होतं ते शोधायला ते चंद्रपूर-गडचिरोलीची जंगलं महिनाभर पालथी घालत होते. ठिकठिकाणच्या सात पुड्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. नागभीडच्या वनोपज खरेदी केंद्रात फुलं निवडणारी एक बाई नुसत्या वासावरून रान सांगते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते अर्थातच खरं मानलं नव्हतं.

गिरजाबाईला केंद्रात बावीस वर्षं झाली होती. तिचं काम तसं साधं. आलेल्या पोत्यातले काडीकचरा, खडे, किडकी फुलं काढायची, फूल पुन्हा उन्हात घालायचं, भरायचं. कुठल्या रानाचं फूल कुठलं, हे वेगळं ठेवायला तिला कोणीच सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्याला त्याचं काही नव्हतं, सगळं एकाच भावात जायचं. पण तिच्याच्याने ते एकत्र करवत नसे. ती दारूच्या थेंबाला कधी शिवली नव्हती. गळ्यात तुळशीची माळ, सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळं नेमाने चाले. तरीही मोहफूल तिच्या लेखी दारू नव्हतं. ते झाडाने रात्रभर जागून पहाटे खाली ठेवलेलं काहीतरी होतं, आणि ठेवलेली वस्तू कोणाची हे विसरू नये, इतकंच तिला कळत होतं.

"मावशी, आमच्याकडेही असंच आहे," अमर खुर्ची ओढून तिच्यापुढे बसले. "दिंडोरीचं द्राक्ष वेगळं, निफाडचं वेगळं. पण हे लोकांना पटायला फार वर्षं गेली. माझे आजोबा खायचीच द्राक्षं लावायचे. वाइनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची. कोणी लावली तर लोक म्हणायचे, हे काय जनावरांना घालणार का? मग हळूहळू कारखाने आले, टेकड्यांवर बागा चढल्या. थंड रात्री कुठं, काळी माती कुठं, मुरुम कुठं, हे बघून कुठल्या गावात कुठलं वाण लावायचं ते ठरलं. आता बाटलीवर नाशिकचं नाव असतं. लोक परदेशातून बागा बघायला येतात. नाव झालं की त्या मातीला मान मिळतो."

"आमच्या मोहाले कोन मान देते, बापा," केवळरामभाऊ म्हणाले. "इंग्रजाच्या राज्यापासून घरात मोह दिसला का पोलीस दारात. मंग या जिल्ह्यात दारूबंदी आली, गेली. नदीपलीकडं अजून आहेच. मोह म्हटलं का लोक इकडंतिकडं पाह्यतात."

"म्हणूनच तर," अमर म्हणाले.

सहावीही बरोबर ओळखून गिरजाबाईने सातवी पुडी उघडली आणि तिचा हात थांबला.

फूल बारीक होतं. रंग तांबूस, मनुकेसारखा. वास आधी काहीच नाही, मग श्वास सोडताना येतो तो. उन्हात तापलेल्या दगडावर पहिलं पाणी शिंपडावं तसा, आणि त्यामागे गूळ. तिने पुडी खाली ठेवली, पदराने हात पुसला, पुन्हा उचलली.

"याच्यापुढं माझ्या कागदावर काई लिवलं नाई," केवळरामभाऊ म्हणाले. "चिल्लर माल. बाजारातून आला."

"मी याच्याच मागे आहे, मावशी," अमर पुढे झुकले. "बाकी सहांत नाही ते यात आहे. ओळखता येतं?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. हे सांगायचं कारण म्हणजे गिरजाबाईचा एक नेम होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या चार वर्षांच्या डिंपलला मेंदूज्वर झाला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा गिरजाबाईने महाकालीच्या देवळात जाऊन ओंजळीत पाणी घेतलं होतं आणि बोलली होती, माझ्या लेकराला ठेव, मी उगवतीपासून दिवा लागेपर्यंत खोटं बोलणार नाही. दिवा लागेपर्यंतच का, असं कोणी विचारलं तर ती सांगे, "रात्री मानूस थकून राह्यते. देवी समजून घेते." डिंपल जगली, शिकली, आता नागपुरात नर्स आहे. आणि गिरजाबाई रोज सकाळी तुळशीपुढे ओंजळीत पाणी घेऊन तेच शब्द बोलते. गावाला हे ठाऊक होतं. काही लपवायचं असेल तर लोक म्हणत, गिरजाबाईले सांजच्याले विचारा.

"माह्या माहेरचं हाय हे," ती म्हणाली.

विचारलं तेवढंच सांगून ती थांबली असती तरी नेम मोडला नसता. पण इतक्या वर्षांत माहेरचं नाव कोणी असं मानाने काढलं नव्हतं. तिच्या जिवाला ते गोड लागलं आणि ती बोलत गेली. चिचटोल्याच्या मागे खडकाळ टेकडी आहे, तिच्यावर सात मोह आहेत. सातही लेकींचे. आमच्या घराण्यात लेक सासरी निघाली की एक झाड तिच्या नावाचं होतं. झाड जागच्या जागी राहतं, फुलं भावजय वेचते, आणि दर चैत्रात त्या झाडाच्या फुलांची, पळसाच्या पानाने झाकलेली एक टोपली लेकीच्या घरी पोचते. सहा जणी आत्या, चुलत आत्या, आता कोणी उरल्या नाहीत. सातवं माझं. फागुनात भावजय झाडाखालचं सगळं झाडून घेते, अंगणासारखं. जाळत नाही. चपला घालून कोणी खाली जात नाही.

अमरांनी सगळं वहीत लिहून घेतलं. जाताना ते तिच्या पायाशी वाकले. ती संकोचून मागे सरली.

*

माघात, मोह फुलायला अजून महिना होता तेव्हा, तिची भावजय नीलाबाई केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. सोमाजी, गिरजाबाईचा भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. शेत नाही. तळ्यातली मासेमारी सोमाजीबरोबर गेली. त्या सात झाडांवर आणि उरलेल्या दिवसांत रोवणी-कापणीच्या मजुरीवर ती जगत होती. गिरजाबाईने कधीच सांगून टाकलं होतं, वयनी, माझी टोपलीही तूच ठेव. तरी नीलाबाई दर चैत्रात टोपली पाठवायचीच. वर पळसाचं पान झाकून.

आज तिच्या हातात टोपली नव्हती. ती आत आली नाही.

"टेकडीले तार लावून राह्यले," ती म्हणाली. "कंपनीवाले. मालकानं देल्ली म्हनतात. तू सांगतलं काय वो त्याईले?"

टेकडी कागदावर नागपूरला राहणाऱ्या एका मालकाची होती, हे दोघींना माहीत होतं. चार पिढ्यांत त्या घरातलं कोणी टेकडीवर चढलं नव्हतं. खडकात काय पिकणार?

"हव," गिरजाबाई म्हणाली.

"काऊन?"

"विचारलं त्यानं."

नीलाबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "विचारलं आन तू सांगतलं. देवीनं तुह्या पोरीले ठेवलं, चांगलं केलं. पन माह्या पोटावर काऊन नेम धरला तू? लबाड नाई बोलता येत, तं मुकं तं बसता येते मानसाले."

"वयनी, पानी तं पे."

"नाई."

ती चालती झाली. गिरजाबाई तांब्या हातात धरून दारात उभी. 

त्यानंतर गिरजाबाईने केलं नाही असं काही ठेवलं नाही. तलाठ्याकडे गेली. त्याने सातबारा काढून दाखवला. झाडं मालकाच्या नावावर. "बाई, कोन्या लेकीचं झाड कोन्तं, याचा रकाना सरकारनं नाई ठेवला," तो म्हणाला, पण चेष्टेने नाही. सरपंचांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. ते म्हणाले, जंगलातली झाडं असती तर ग्रामसभेने भांडता आलं असतं, ही खाजगी जागा. नागपूरला मालकांच्या फाटकावरून तिला परत पाठवलं. डिंपल बरोबर होती. परतताना डिंपल म्हणाली, "आई, तू काई मुद्दाम नाई केलं ना." गिरजाबाईला वाटलं, मुद्दाम केलं असतं तर निदान माफी मागता आली असती.

अमर फाल्गुनात आले तेव्हा त्यांनी मोठ्या आनंदाने तिच्या हातात एक रंगीत पत्रक ठेवलं. वर लिहिलं होतं, सात लेकींचा मोह. आत नाशिकच्या बागांचा असतो तसा नकाशा. नागभीड, गोंडपिपरी, वैनगंगाकाठ, प्रत्येक भागाला वेगळा हिरवा रंग, आणि चिचटोल्याच्या टेकडीला तांबूस. बाजूला प्रदेशाचा इतिहास. 'इथल्या गिरजाबाई सांगतात,' असं म्हणून तिने सांगितलेलं सगळं छापलं होतं, झाडून घेण्यापासून पळसाच्या पानापर्यंत. एकही शब्द खोटा नव्हता. खाली चित्र. झाडाखाली टोपली घेतलेली एक बाई हसते आहे.

"हे कोन?" गिरजाबाईने विचारलं.

"अशीच, मावशी. वेचणारी बाई."

"तिथी तं आता बायाईले जाऊ नाई देत."

अमरांनी पत्रक परत हातात घेतलं. पत्रकाची घडी उलगडत, घालत राहिले. "मी बोललो होतो वरती. तिथल्याच बायकांना कामावर घ्या म्हणून. पण ते म्हणतात, जाळी बांधायची म्हणजे फूल जमिनीला लागत नाही, माणसं कमी लागतात. मावशी, मी चव बघणारा माणूस. करार करणारे वेगळे असतात."

ते खोटं बोलत नव्हते हे तिला दिसत होतं. तेच तर अवघड होतं. ज्याच्यावर रागवावं असं तिला कोणी सापडेना.

त्या चैत्रात टोपली आली नाही.

*

चैत्र सरत आला तेव्हा एका दुपारी अमर पुन्हा आले. या वेळी त्यांनी खुर्ची ओढली नाही. केंद्राच्या मधोमध एक अर्धं भरलेलं पोतं ठेवलेलं होतं. त्याच्या तोंडाला केवळरामभाऊंच्या अक्षरातली चिठ्ठी. नीलाबाई सोमाजी, चिचटोला.

"टेकडीवरचं फूल चोरीला जातंय म्हणतात," ते हळू आवाजात म्हणाले. "पहाटे कोणीतरी तार वर उचलून आत शिरतं. राखणदाराने दोनदा पाहिलं, पण चेहरा दिसला नाही. आमच्या साहेबांना पोलिसांत द्यायचं आहे. मी त्यांना म्हणालो, थांबा, उगाच कोणा बाईवर आळ नको. नागभीडच्या मावशी वासावरून सांगतील. त्या दिवसा खोटं बोलत नाहीत. हे टेकडीचं नाही असं तुम्ही म्हणालात, तर मी विषय इथंच संपवतो. तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील. मी ठेवतो."

त्यांनी पोत्यातली मूठभर फुलं काढून तिच्या पुढ्यातल्या सुपात ठेवली.

सूप उचलायची गरज नव्हती. पोतं दारातून आत आलं तेव्हाच, सकाळीच, तिला कळलं होतं. सात झाडांपैकीही कुठलं झाड तेसुद्धा. बापाने तिच्या हळदीच्या दिवशी ज्याच्या बुंध्याला कुंकू लावलं होतं, ते. नीलाबाई तारेखालून आत शिरली ती बाकीच्या सहा झाडांकडे गेलीच नव्हती. किंवा गेली होती, आणि हे वेगळं ठेवलं होतं. का, ते गिरजाबाईला माहीत होतं. तिची टोपली याच झाडाची यायची. चैत्र संपायला चार दिवस राहिले होते. टोपलीपुरतं फूल नीलाबाईने बाजूला काढून ठेवलं असेल, राग असला तरी.

"सायब," ती म्हणाली, "समजा टेकडीचं असंल. तरी वारा सुटते, फांदी तारेबाहेर जाते. फूल तारेआतून उचललं का बाहेरून, हे काई वासात नाई येत."

"करारात झाड लिहिलंय, मावशी. फूल कुठंही पडो."

मंगलीची सुई थांबली. केवळरामभाऊ खिडकीबाहेर, रेल्वेफाटकाकडे पाहत होते. तिथे काहीच नव्हतं. गाडी कधीच निघून गेली होती.

गिरजाबाईने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. दिवा लागायला साडेतीन तास होते. तेवढ्या वेळात काय होणार होतं? अमर बसून राहिले असते. तिने म्हटलं असतं, सांजेला सांगतो, तर ते म्हणणंच सांगितल्यासारखं झालं असतं. मुकं बसता येतं माणसाला, असं वयनी म्हणाली होती. पण आज मुकं बसणं म्हणजे हो म्हणणंच होतं.

तिने सूप उचललं. सवयीने डोळे मिटले. वास आला, श्वास सोडताना येतो तोच. तापलेला दगड, त्यावर पाणी, मागे गूळ. तिला डिंपल दिसली, चार वर्षांची, दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर, कपाळावर ओली घडी. मग दिसली ती नागपूरच्या रस्त्यावर स्कुटीवरून जाणारी, डोक्याला हेल्मेटची टोपी न घालता. हजारदा सांगितलं तरी न ऐकणारी.

देवी, ती मनात म्हणाली. 

"मले वास येत नाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सर्दी झाली होती मागं. तवापासून नाई येत. सांगतलं नाई कोनाले. कामावरून काढतील म्हनून भेव वाटलं." सूप तिने खाली ठेवलं. "मले नाई सांगता येत, हे कुठचं थे."

अमरांनी तिच्याकडे पाहिलं. मान खाली घातली, मग वर केली. "ठीक आहे, मावशी," ते म्हणाले. "मग पुरावा नाही. तसं कळवतो मी." दारापर्यंत जाऊन ते वळले.  नुसते हात जोडून निघून गेले.

 मग मंगलीने दोरा तोडला. "माय वो," एवढंच ती म्हणाली.

केवळरामभाऊ गिरजाबाईजवळ आले. दहा वर्षांनी मोठे, केस पांढरे. "बाई," ते म्हणाले, "आजचं झालं. उद्या तो पुन्हा येईल. नाईतर दुसरा कोनी येईल. तुमचा वास परत आला काय म्हनून विचारंल. तवा?"

"नाई येनार परत."

"इथी बसून रोज फूल निवडानार, आन वास नाई म्हनानार? पोट्टं बी नाई पटवून घेत."

"मी नाई येत उद्यापासून," ती म्हणाली.

  केवळरामभाऊंनी तिचं सूप उचललं, कडेची सुटलेली काडी आत खोचली आणि म्हणाले, "हे घरी घेऊन जा. केंद्राचं नाई, तुमच्याच हाताचं झालं हे."

घरी जाताना तिने बसथांब्यावरून डिंपलला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"आई? वॉर्डात हाओ मी. का झालं?"

"काई नाई. आवाज आयकाचा होता."

"बिमार हाये काय तू?"

"नाई वो. तू बरी हाये ना?"

"मले काय धाड भरते? ठेवतो, डॉक्टर आले."

"टोपी घालत जा गाडीवर," गिरजाबाई म्हणाली. पण फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी उगवतीला ती नेहमीसारखी तुळशीपुढे बसली. अंघोळ झालेली, पदर डोक्यावर. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. अठ्ठावीस वर्षांचे शब्द ओठांवर आपसूक आले आणि तिथेच थांबले. आज दिवा लागेपर्यंत ती खोटं बोलणार होती. कोणीही विचारलं तरी. उद्याही. हे मोडलेलं नव्हे, हे आता रोजचं होतं. देवीपुढे ज्याचा नेम धरावा असं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. ओंजळीतलं पाणी तिने तुळशीला घातलं, न बोलता, आणि उठली.

*

वैशाख लागायच्या आदल्या दिवशी ती चिचटोल्याला उतरली. नीलाबाईच्या दाराला कडी. शेजारणीने टेकडीकडे हात केला.

टेकडीच्या पायथ्याशी नवी तार उन्हात चकाकत होती. आत सात मोह, त्यांच्याखाली निळी जाळी ताणलेली, फुलांचा हंगाम संपल्याने जागोजागी लोंबलेली. राखणदाराची खाट रिकामी होती. सकाळचं ऊन झाडांच्या मागून येत होतं, त्यामुळे सातही झाडांची सावली उतारावर, तारेच्या बाहेर पडली होती. त्या सावलीत नीलाबाई खराट्याने झाडत होती. पाला, काड्या, बारके खडे. अंगणासारखं.

"आता काय झाडतं, वयनी?" गिरजाबाई म्हणाली. "फुलं तं संपली."

नीलाबाईने मान वर केली नाही. "मंग? झाडाच्या खाली कचरा ठेवू?"

गिरजाबाईने चपला तारेपासून लांब काढल्या. दुसरा खराटा झाडाच्या मुळाशी असायचा, पूर्वी. आता नव्हता. तिने पळसाच्या चार डहाळ्या मोडून एकत्र बांधल्या आणि खालच्या बाजूने झाडायला लागली. 

"केंद्रात नाई जात म्हनते तू," नीलाबाई म्हणाली. "मंगली भेटली होती बाजारात. बाकी काई बोलली नाई ते. काऊन सोडलं?"

"वास नाई येत आता."

नीलाबाईचा खराटा थांबला. तिने कमरेची गाठ सोडली. पळसाच्या पानात गुंडाळलेली मूठभर वाळलेली फुलं होती, बारीक, तांबूस. या वर्षीची टोपली एवढीच. तिने पान उघडून गिरजाबाईच्या नाकापाशी धरलं.

"याचा बी नाई?"

सकाळचे आठ वाजले होते. गिरजाबाईने श्वास आत घेतला, आणि सोडताना तिचे डोळे भरून आले.

"नाई," ती म्हणाली.

नीलाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पान परत मिटलं, नीट, चारही बाजूंनी, आणि गिरजाबाईच्या पदराच्या टोकाला स्वतः गाठ मारून बांधलं. सासरी निघालेल्या लेकीच्या पदराला बांधतात तसं.

"वरच्या अंगाचं माहं झालं," ती म्हणाली. "तू तिकडून घे."

ऊन चढत गेलं, तशी सावली उतारावरून हळूहळू मागे सरकू लागली. तिच्या मागे मागे दोघी झाडत वर आल्या. दहाच्या सुमाराला सावली तारेखालून आत गेली, आणि दोघींचे खराटे तारेशी येऊन थांबले.